युकॉनहून परतताना : अलास्का हायवेवरचे शेवटचे पाच दिवस

व्हाइटहॉर्स ही कॅनडाच्या वायव्येतल्या युकॉन प्रदेशाची राजधानी. तिथल्या पंपावर टाकी फुल करून गाडी घराच्या दिशेने वळवली, की गाडीतल्या गप्पाच बदलतात. काल संध्याकाळपर्यंत अस्वल दिसेल का, आज रात्री नॉर्दर्न लाइट्स दिसतील का, असं चाललेलं असतं. आता सोमवारचं ऑफिस, मुलांच्या शाळेची यादी, गणपतीची आरास. प्रवास मनातल्या मनात संपून जातो आणि रस्ता मात्र अजून दोन हजार किलोमीटर उरलेला असतो.

आम्ही कॅलगरीहून तंबू घेऊन तीन वेळा युकॉनला गेलो. पहिल्या वेळी परतीचा सगळा रस्ता अडीच दिवसांत कापला. त्या अडीच दिवसांत जेवढ्या चुका झाल्या, तेवढ्या आधीच्या पंधरा दिवसांत झाल्या नव्हत्या. म्हणून पहिल्यांदाच निघालेल्यांना मी एवढंच सांगते, की परतीचे दिवस सहलीतून कापू नका. त्यांचा आराखडा जाण्याच्या दिवसांइतकाच नीट करा. हा लेख व्हाइटहॉर्स ते एडमंटन या टप्प्यापुरता आहे, ऑगस्टच्या उत्तरार्धात तंबू घेऊन साध्या गाडीने परतणाऱ्यांसाठी.

पायरी १ : आधी दिवस मोजा

व्हाइटहॉर्स ते वॉटसन लेक साधारण ४४० किलोमीटर. तिथून लियार्डचे गरम पाण्याचे झरे २१० किलोमीटर. लियार्ड ते फोर्ट नेल्सन ३०० च्या वर थोडे. फोर्ट नेल्सन ते फोर्ट सेंट जॉन ३८०. तिथून डॉसन क्रीक ७५ आणि मग एडमंटन ५९० किलोमीटर. कॅलगरीकरांनी त्यात आणखी ३०० धरावेत.

नकाशावर बघितलं तर रोज आठशे किलोमीटर सहज जमतील असं वाटतं. पेट्रोल आणि पाठ यांचा विचार केला तर जमतीलही, पण उजेड पुरत नाही. जूनमध्ये व्हाइटहॉर्सला सूर्य सुमारे १९ तास वर असतो. ऑगस्टच्या शेवटी दिवस १४ तासांवर येतो आणि रोज पाच-सहा मिनिटांनी आखूडत जातो. जुलैत गेलेल्या मित्राने ‘रात्री अकरालाही तंबू लावता येतो’ असं सांगितलं असेल, तर ते ऑगस्टअखेरीला चालत नाही. मुक्कामाला पाचच्या आत पोहोचायचं, तंबू उजेडात लावायचा, जेवण उजेडात उरकायचं. हे धरलं, की दिवसाला सरासरी चार-साडेचारशे किलोमीटरच बसतात आणि एडमंटनपर्यंत पाच दिवस लागतात.

ज्यांच्या नकाशात ‘डॉसन’ दोनदा दिसतं त्यांच्यासाठी : डॉसन सिटी हे युकॉनमधलं सोन्याच्या खाणींचं जुनं गाव. डॉसन क्रीक हे ब्रिटिश कोलंबिया प्रांतातलं, अलास्का हायवेचा शून्य मैल जिथे आहे ते. दोन्ही नावं जॉर्ज मर्सर डॉसन या भूगर्भशास्त्रज्ञावरून आलेली, पण दोघांमधलं अंतर जवळजवळ १,९५० किलोमीटर आहे. नेव्हिगेशनमध्ये नाव टाकताना राज्य तपासा.

पायरी २ : व्हाइटहॉर्समध्ये अर्धा दिवस कामांसाठी

व्हाइटहॉर्स सोडलं, की फोर्ट सेंट जॉनपर्यंत मोठं शहर नाही. मधे वॉटसन लेक आणि फोर्ट नेल्सन ही छोटी गावं आणि हायवेवरचे मोजके लॉज. वॉटसन लेक ते फोर्ट नेल्सन या पाचशे किलोमीटरमध्ये फोनला जवळजवळ रेंज नसते. त्यामुळे कामं इथेच उरकायची. टायरची हवा, स्टेपनीची हवाही. काचेवर खडा लागून चीर गेली असेल तर ती आजच भरून घ्या. थंड रात्री आणि उन्हाचे दिवस यांत चीर वाढत जाते. चिखलाने झाकलेले मागचे दिवे आणि नंबरप्लेट धुवा. नकाशे फोनवर उतरवून ठेवा. सॅटेलाइटवरून मदत मागता येणारं उपकरण किंवा तशी सोय असलेला फोन असेल, तर तो कसा वापरायचा हे घरातल्या दोघांना तरी माहीत हवं.

पेट्रोलचा नियम सोपा : टाकी अर्धी झाली आणि पंप दिसला, की भरायची. पुढच्या लॉजचा पंप चालू असेलच, असं धरून चालू नका.

कपडे धुवायचे असतील तर तेही इथे. फार आनंदाचं काम नाही, पण चौथ्या पायरीशी, वासाच्या हिशेबाशी, त्याचा संबंध आहे.

पायरी ३ : आगीची बातमी आणि फाट्यावरचा निर्णय

उत्तरेतल्या उन्हाळ्यात वणवे हा आता अपवाद राहिलेला नाही. २०२३ मध्ये फोर्ट सेंट जॉनच्या उत्तरेला डॉनी क्रीकचा वणवा पेटला, तो ब्रिटिश कोलंबियाच्या नोंदींमधला सर्वांत मोठा. सहा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास जंगल जळालं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात फोर्ट नेल्सन गाव रिकामं करावं लागलं. त्यामुळे निघण्याच्या दिवशी सकाळी युकॉनसाठी ‘५११ युकॉन’ आणि पुढच्या रस्त्यासाठी ‘ड्राइव्ह बीसी’ ही दोन्ही सरकारी पानं उघडून बघायचीच.

आणि एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. या हायवेला पर्यायी रस्ते जवळजवळ नाहीत. दक्षिणेला जाणारा खरा दुसरा मार्ग एकच, स्ट्यूअर्ट-कॅसियर म्हणजे हायवे ३७. त्याचा फाटा वॉटसन लेकच्या सुमारे २० किलोमीटर अलीकडे लागतो. तिथून सव्वासातशे किलोमीटर खाली किटवांगाला उतरायचं आणि मग हायवे १६ ने प्रिन्स जॉर्ज, जॅस्पर करत यायचं. म्हणजे पुढे लियार्ड किंवा फोर्ट नेल्सनच्या बाजूला रस्ता बंद असेल, तर निर्णय त्या फाट्याच्या आधी व्हायला हवा. फाटा ओलांडून तीनशे किलोमीटर पुढे गेल्यावर कळलं, तर तेवढंच मागे यावं लागतं. व्हाइटहॉर्समधून निघताना एकदा आणि वाटेतल्या टेस्लिन गावाला थांबून एकदा, असं दोनदा तपासा.

धूर दाट असेल, घरात दमा असलेलं कुणी असेल, लहान बाळ असेल, तर रस्ता उघडा असला तरी एक दिवस थांबा. मी थांबले आहे. त्या दिवसाचं काही वाटलं नाही.

पायरी ४ : वासाचा हिशेब रोज संध्याकाळी

आपल्या स्वयंपाकाबद्दल इथे जरा सविस्तर बोलायला हवं, कारण इंग्रजीतल्या कॅम्पिंगच्या माहितीत ते सापडत नाही. अस्वलाचं नाक विलक्षण तीक्ष्ण असतं आणि आपली फोडणी दूरवर जाते. मोहरी, हिंग, लसूण तेलात पडले, की तो वास कपड्यांत, केसांत, तंबूच्या कापडात शिरतो. पहिल्या आठवड्यात सगळे काळजी घेतात. शेवटच्या दिवसांत अंगात कंटाळा भरलेला असतो, पाऊस येतो, आणि कुणीतरी म्हणतं, ‘तंबूच्या पडवीतच खिचडी लावूया.’ ते करू नका.

स्वयंपाक तंबूपासून लांब, शक्यतो कॅम्पग्राउंडच्या सामायिक शेडमध्ये. स्वयंपाकाचे कपडे वेगळे, झोपायचे वेगळे. स्वयंपाकाचे कपडे रात्री गाडीत. गाडीत आणखी काय काय जातं याची आमच्या घरची यादी अशी : मसाल्याचा डबा, लसणाची चटणी, तूप, बिस्किटं, टूथपेस्ट, खोबरेल तेल, सनस्क्रीन, ओठांचं मलम, उदबत्ती, बाळाचं दूध, कचऱ्याची पिशवी, धुतलेली भांडी, शेगडी. धुतलेलीसुद्धा. जिथे अस्वलांपासून सुरक्षित लोखंडी पेट्या आहेत तिथे त्या वापरा, नाहीतर काचा पूर्ण बंद केलेली गाडी.

उरलेला भात झुडपात टाकायचा नाही. ‘पाखरं खातील’ ही आपली सवय इथे जीवघेणी ठरते. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल पुन्हा पुन्हा कॅम्पग्राउंडमध्ये येतं आणि बहुतेक वेळा शेवटी त्याला मारावं लागतं. तुम्ही तोवर घरी पोहोचलेले असता. मला हा विचार फार त्रास देतो, म्हणून इतकं लिहिलं.

शेवटच्या दिवसांत शिधा संपवायचा असतो, तर त्यातल्या त्यात कमी वासाचं आधी ठरवा. मेतकूट-भात, तूप-गूळ-पोळी, भिजवलेले दडपे पोहे, सातूचं पीठ. थालीपिठाची भाजणी उरली असेल तर ती दुपारच्या जेवणाला, रस्त्यातल्या एखाद्या थांब्यावर लावा. मुक्कामाच्या जागी नको.

अस्वलाचा फवारा, म्हणजे अस्वलाला पळवून लावणारा तिखट स्प्रे, जवळच ठेवा आणि त्याची क्लिप कशी काढायची हे सगळ्या मोठ्यांना एकदा दाखवा. सामानाच्या तळाशी गेलेला फवारा काही उपयोगाचा नाही. अस्वल दिसलं तर निदान शंभर मीटर अंतर ठेवा. रस्त्याकडेला दिसलं तर गाडीतून उतरू नका, फोटोसाठीही नाही.

पायरी ५ : पहिला दिवस, वॉटसन लेकपर्यंत

सकाळी आठला निघालात तरी पुरे. टेस्लिन हे ट्लिंगिट या इथल्या मूळ रहिवाशांचं गाव. तिथे तळ्याच्या निसुटलिन उपसागरावरचा पूल अलास्का हायवेवरचा पाण्यावरून जाणारा सर्वांत लांब पूल आहे. पुढे रँचेरियाच्या अलीकडे जलविभाजक लागतो. इथून मागे पडलेलं पाणी युकॉन नदीतून बेरिंग समुद्राला जातं आणि पुढचं लियार्ड, मॅकेन्झी करत आर्क्टिक महासागराला. गाडीतून काहीच कळत नाही, साधाच चढ-उतार. पण सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर ‘इकडचं पाणी कोकणात, तिकडचं कृष्णेला’ हे ऐकत वाढलेल्यांना इथे थांबावंसं वाटतंच. पाच मिनिटं थांबा.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फायरवीडची झुडपं दिसतील. ही युकॉनची राज्यफुलं, जळालेल्या जमिनीवर सर्वांत आधी येणारी. खालून वर फुलत जातात. शेंड्यावरची फुलं संपून कापूस उडू लागला, की हिवाळा दूर नाही, असं इथले लोक म्हणतात. तुमच्या रस्त्यावर कापूस उडताना दिसला तर रात्रीसाठी एक जास्तीचं पांघरूण काढून ठेवा. ऑगस्टअखेरीला रात्रीचं तापमान शून्याजवळ जाऊ शकतं.

वॉटसन लेकला पाट्यांचं जंगल बघायला दीड तास ठेवा. १९४२ मध्ये हा हायवे अमेरिकी सैन्य बांधत होतं. कार्ल लिंडली नावाच्या सैनिकाला अंतराचे फलक दुरुस्त करायचं काम मिळालं. घरच्या आठवणीने त्याने त्यात आपल्या डॅनव्हिल, इलिनॉय या गावाची दिशा आणि अंतर लिहून टाकलं. मग इतरांनीही आपापल्या गावांच्या पाट्या ठोकल्या. आज तिथे ८०,००० हून जास्त पाट्या आहेत. तुम्हालाही लावता येते. पाटी घरून करून आणा : लाकडाची फळी, ऑइल पेंट, आणि चार भोकं आधीच पाडून. हातोडी आणि खिळे सोबत असलेले बरे. रस्त्यावरची खरी सरकारी पाटी काढून आणायची नाही, हे सांगायला नको. आमची पाटी देवनागरीत आहे, ‘सातारा’ एवढंच लिहिलेली. दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा रंग थोडा उडालेला होता, पण शोधायला वेळ लागला नाही. माझी मुलगी तिच्यासमोर उभी राहून बराच वेळ काही बोललीच नाही.

युकॉनच्या सरकारी कॅम्पग्राउंडवर जळाऊ लाकूड शुल्कातच मिळतं. लागेल तेवढंच जाळा आणि उरलेलं तिथेच ठेवा. डिकीत भरून पुढे नेऊ नका; लाकडाच्या सालीतून झाडांचे किडे एका प्रदेशातून दुसऱ्यात जातात. हातपंपाचं पाणी उकळूनच प्यायचं. शुल्क पाकिटात घालून पेटीत टाकायची पद्धत अनेक ठिकाणी आहे, म्हणून सुट्टे पैसे जवळ हवेत.

पायरी ६ : दुसरा दिवस, मुद्दाम छोटा

वॉटसन लेक ते लियार्ड फक्त २१० किलोमीटर. हा दिवस लांबवू नका, जोडूही नका. दोन कारणं.

पहिलं, बायसन. या पट्ट्यात वुड बायसनचे कळप रस्त्याच्या कडेच्या गवतावर चरतात आणि रस्त्यावरच उभे राहतात. आपला गवा डोळ्यांसमोर आणा आणि त्याहून केसाळ, तेवढंच अवजड जनावर कल्पा. ऑगस्टमध्ये त्यांचा माजाचा काळ असतो, त्यामुळे नर भांडखोर असतात. काळपट अंग, खाली घातलेलं डोकं, त्यामुळे संधिप्रकाशात ते दिसतच नाहीत. पहिल्या सहलीत आम्ही रात्री नऊच्या सुमारास इथून जात होतो. वळणानंतर रस्त्याचा तुकडा जास्तच काळा वाटला आणि ब्रेक लागल्यावर कळलं, की तो कळप आहे. गाडी वीसेक पावलांवर थांबली. त्यानंतर आम्ही अंधारात हा रस्ता कधी धरला नाही. कळप आडवा आला तर थांबा, धोक्याचे दिवे लावा, हॉर्न वाजवू नका, वाट बघा. तास लागला तर तास.

दुसरं कारण म्हणजे लियार्डचे झरे. कॅनडातले दुसऱ्या क्रमांकाचे मोठे गरम झरे, पाणी ४२ ते ५२ अंश सेल्सियस. कोकणात ज्यांना उन्हाळं म्हणतात तीच गोष्ट, पण भोवताली स्प्रूस या सूचिपर्णी झाडांचं, थंड प्रदेशातलं बोरियल जंगल. लाकडी फळ्यांच्या पायवाटेवरून चालत जावं लागतं. दोन्ही बाजूंना कोमट पाण्याची दलदल आहे, ती हिवाळ्यातही गोठत नाही, म्हणून इतक्या उत्तरेला न शोभणाऱ्या वनस्पती इथे तग धरतात. पहिली पायवाट १९४२ मध्ये हायवे बांधणाऱ्या सैनिकांनी घातली. वज्रेश्वरीला सिमेंटची कुंडं आहेत, तशी इथे नाहीत. तळाला खडी आहे आणि पाणी वाहतं.

करायचं कसं : दुपारच्या आत पोहोचा, कारण उन्हाळ्यात तंबूच्या जागा लवकर भरतात, आरक्षण मिळत असेल तर आधीच करा. तंबू लावा, मग पाण्यात उतरा. उगमाकडचं टोक फार गरम असतं, तिकडे जाऊ नका. खालच्या टोकापासून सुरुवात करा. दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर या, पाणी प्या, पुन्हा जा. दिवसभर गाडी चालवलेली असताना एकदम अर्धा तास बसलात तर उठताना चक्कर येते. रक्तदाबाची औषधं चालू असतील किंवा घरात कुणाला दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांना आधी विचारा. पाण्याला गंधकाचा वास आहे, म्हणून चांदीची पैंजणं, अंगठ्या काढून ठेवा, काळवंडतात. साबण नाही, काचेची बाटली नाही. आणि पहाटे, सगळ्यांच्या आधी, एकदा परत जा. थंड हवेत पाण्यावरची वाफ झाडांत अडकलेली असते. बोलणं आपोआप हळू होतं.

याच परिसरात १९४३ चा लियार्ड नदीवरचा झुलता पूल लागतो. अलास्का हायवेवरचा आता उरलेला हा एकच झुलता पूल.

पायरी ७ : तिसरा दिवस, डोंगरांतून फोर्ट नेल्सन

या तीनशे किलोमीटरला अख्खा दिवस द्या. मंचो लेक जवळपास १२ किलोमीटर लांब, हिरव्या काचेसारखं, आणि रस्ता त्याच्या काठाला चिकटून जातो. खडकांतले क्षार चाटायला स्टोन जातीच्या रानमेंढ्या रस्त्यावर उतरतात, पिल्लांसकट. वळणावर वेग कमीच ठेवा. गाडी थांबवायची असेल तर ठरवलेल्या थांब्यावरच, रस्त्याच्या मधोमध कुणी थांबलं म्हणून आपण थांबायचं नाही.

पुढे समिट लेकला हायवेचा सर्वांत उंच भाग येतो, १,२९५ मीटर. आपल्या महाबळेश्वरच्या उंचीइतकाच, पण झाडांची रेषा इथे संपत आलेली दिसते आणि वारा सुटलेला असतो. तिथलं कॅम्पग्राउंड सुंदर आहे, मात्र उघड्यावर. नवख्यांनी तंबूसाठी ते निवडू नये असं माझं मत आहे. डबा खा, अर्धा तास चाला, पुढे निघा. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवू नका, गिअर खाली घ्या. दुरुस्तीची कामं याच महिन्यांत चालतात. वाट दाखवत पुढे जाणाऱ्या पायलट कारच्या मागे रांगेत राहायचं, खडीवर समोरच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवायचं. काचा इथेच फुटतात.

फोर्ट नेल्सनला मी एक रात्र मोटेलची खोली घ्यायला सांगते. दोन आठवडे तंबूत झोपल्यावर शेवटच्या टप्प्याआधी गाडी चालवणाऱ्याला एक पूर्ण झोप मिळणं गरजेचं आहे.

पायरी ८ : चौथा दिवस आणि तंबूची शेवटची रात्र

फोर्ट नेल्सन ते चार्ली लेक हा रस्ता सरळ, लांब आणि झोप आणणारा. ट्रक खूप. दर दीड तासाने चालक बदला. एवढंच.

चार्ली लेकला, फोर्ट सेंट जॉनच्या जरा अलीकडे, प्रांतीय उद्यानात तंबू लावा. शेवटची शेकोटी करायची असेल तर आधी बंदी आहे का ते फलकावर वाचा. ब्रिटिश कोलंबियात शेकोटी अर्ध्या मीटरहून रुंद किंवा उंच नको, आणि जवळ फावडं किंवा निदान आठ लिटर पाणी हवं. विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि राखेला हात लागेपर्यंत हे करत राहा. राख हाताला थंड लागली तरच तिच्याजवळून उठायचं. वरून विझलेली दिसणारी राख आत तासन्‌तास धगधगते.

आता तंबू. सकाळी बाहेरच्या कापडाला आतून घाम फुटल्यासारखे थेंब असतात आणि सगळ्यांना निघायची घाई असते. ओला तंबू गुंडाळून पिशवीत गेला, की घरी पोहोचल्यावर पिशवी गॅरेजच्या कोपऱ्यात जाते. आमची तीन आठवडे गेली. उघडल्यावर शिवणींवर काळी बुरशी आणि कुबट वास. तो तंबू पुन्हा वापरता आला नाही. म्हणून शेवटच्या सकाळी दोन तास जास्त ठेवा. बाहेरचं कापड काढून झटका, झाडांमध्ये दोरी बांधून उन्हात घाला, जमिनीवरची शीट उलटी पसरा. तोवर चहा, पोहे, भांडी. ऊन नसेलच तर ओलं कापड वेगळ्या पिशवीत, सर्वांत वर, घरी पोहोचल्याबरोबर काढता येईल असं. खुंट्या मोजून घ्या. मातीतली एक तरी राहतेच.

पायरी ९ : पाचवा दिवस आणि हरवलेला एक तास

टेलरजवळ पीस नदीच्या खोऱ्यात मोठा उतार आहे आणि पुलाचा पृष्ठभाग लोखंडी जाळीचा; टायर थोडे इकडेतिकडे होतात, घाबरू नका, स्टिअरिंग स्थिर धरा. इथला जुना झुलता पूल १९५७ मध्ये कोसळला होता. मग डॉसन क्रीक. शून्य मैलाच्या खांबाजवळ फोटो काढा. जाताना सगळे घाईत असतात, येताना तो जास्त आपला वाटतो.

युकॉन आणि उत्तर ब्रिटिश कोलंबिया उन्हाळ्यात एकाच वेळेवर चालतात. एडमंटन-कॅलगरीचा अल्बर्टा प्रांत एक तास पुढे. सीमा ओलांडली, की दुपारचे बारा एकदम एक होतात. एडमंटनला संध्याकाळी सातला पोहोचू म्हणणारे आठला पोहोचतात, आणि तो तास नेमका मावळतीच्या, हरणं रस्त्यावर येण्याच्या वेळेत मिळतो. त्यामुळे ग्रँड प्रेरी, व्हाइटकोर्ट करत हायवे ४३ ने जाताना अंदाज चुकत असेल तर व्हाइटकोर्टलाच थांबा. कॅलगरीकरांनी त्या रात्री घर गाठायचा हट्ट धरू नये. लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीच्या, आधीचा शुक्रवार टाळता आला तर टाळा, सगळा अल्बर्टा रस्त्यावर असतो.

गाडी भाड्याची असेल आणि पुढे विमान असेल, तर अस्वलाचा फवारा आणि शेगडीचे गॅस सिलिंडर विमानात कुठल्याच सामानात चालत नाहीत. शेवटच्या कॅम्पग्राउंडवर उत्तरेकडे निघालेलं एखादं कुटुंब शोधा आणि न वापरलेलं त्यांना द्या. अर्धवट भरलेले सिलिंडर साध्या कचऱ्यात टाकू नका, घातक कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या.

पायरी १० : घरी पोहोचल्यावर, त्याच रात्री

आंघोळीच्या आधी तीन गोष्टी गाडीतून काढा : अन्नाचा खोका, ओले कपडे, तंबू. बाकी सामान उद्या. तंबू गॅरेजमध्ये किंवा बेसमेंटमध्ये दोन दिवस मोकळा टांगा, वाळला असं वाटत असलं तरी. शिवणी आणि कोपरे बोटांनी चाचपून बघा, ओल तिथेच राहते. साबण लावू नका, साध्या पाण्याने आणि मऊ स्पंजने माती काढा. स्लीपिंग बॅगा छोट्या पिशवीत दाबून भरायच्या नाहीत, मोठ्या सुती खोळीत सैल ठेवा किंवा कपाटात टांगा. गाडीचं एअर फिल्टर बदला, युकॉनची धूळ त्यात भरलेली असते.

दुसऱ्या दिवशी एक कागद घ्या आणि दोन याद्या करा : काय अजिबात वापरलं नाही, आणि काय कमी पडलं. आमच्या पहिल्या यादीत तीन वर्षं सलग घडीची खुर्ची होती, दुसरीत दर वेळी कोरडे मोजे. कागद तंबूच्या पिशवीत ठेवा, खुंट्यांच्या शेजारी. पुढच्या जूनमध्ये पिशवी उघडाल, तेव्हा तो आधी हाताला लागेल.